उंबराच्या दांडीचा पांगुळगाडा

मोशीत मला ‘ढलपीबाई’ म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर नुसतंच ‘बाई’. सुताराच्या वाकसाखाली लाकडाचा जो तुकडा उडतो ती ढलपी, आणि माझ्या पिशवीत पुस्तकांपेक्षा ढलप्या जास्त असत. पहिलीचं पोर वर्गात आलं की मी त्याचे डोळे बांधायची आणि नाकाखाली एक ढलपी धरायची. पोराला वाटे बाई काहीतरी खायला देतायत. ते आ वासून उभं राही.

“खायचं नाही रे, वास घे. कुठलं झाड?”

“कडू हाय.”

“वास घे म्हटलं, चाटलंस कशाला?”

पण कडुनिंब ओळखलेला असायचा. मग मी पिशवीतून दुसरी ढलपी काढायची.

मी राजापूरकडची, सुताराची मुलगी. आम्हाला भाऊ नाही. वडिलांनी म्हणून मलाच हाताशी धरलं आणि माझ्या मुठीत मावेल अशी लहान हत्यारं करून दिली: वीतभर करवत, हलकी हातोडी, आखूड मुठीची पटाशी, एक कानस. सातवीची फायनल पास झाले, लग्न झालं आणि नवऱ्याच्या मागोमाग घाटावर आले. पिंपरीला तेव्हा नुकताच औषधांचा कारखाना उभा राहिला होता, तिथे त्यांना काम लागलं. खोली मात्र मिळाली मोशीत. ते सायकलवरून पिंपरीला जात आणि मी गावच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायला लागले. येताना सामानात वडिलांनी केलेली ती हत्यारं होती. सासूबाई म्हणाल्या होत्या, “बाईमाणसाच्या सामानात करवत कशाला?” मी म्हटलं, “नारळ सोलायला.” त्यांनी विश्वास ठेवला की नाही, देव जाणे.

त्या दिवसांत शाळेत हाताचं काम शिकवण्याचा मोठा आग्रह होता. आमचे हेडमास्तर काशिनाथ गुरुजी सूतकताईचे. मोठ्या मुलांना टकळी जमायची, पण सहा वर्षांच्या पोराच्या हातात कापसाचा पेळू दिला की सूत तुटे, पोर रडे आणि रडून झालं की टकळीचा भोवरा करी. महिनाभर मी ते पाहिलं आणि गुरुजींना म्हटलं, माझ्या वर्गाला लाकूड द्या.

“लहान मुलांच्या हातात पटाशी? बाई, बोटं मोजून घ्यावी लागतील रोज.”

“पटाशी माझ्या हातात. त्यांच्या हातात आधी झाड.”

गुरुजींना ते कळलं नाही, पण ते भले गृहस्थ होते. न कळलेल्या गोष्टीलाही हरकत घेत नसत.

बाहेरच्या माणसाला वाटतं सुतारकाम म्हणजे ठोकाठोक. लहान मुलांना शिकवायचं तर ठोकाठोक सगळ्यात शेवटी येते. आधी लाकूड उचलून बघायचं. बाभळीचा तुकडा आणि पांगाऱ्याचा तुकडा दिसायला सारखे, पण एक हात खाली ओढतो आणि दुसरा असून नसल्यासारखा. मग ते पाण्यात टाकायचे, दगडावर आपटून आवाज ऐकायचा, रेषा कुठून कुठे धावतायत ते बोटानं चाचपायचं. ओलं लाकूड आणि वाळलेलं लाकूड गालाला लावायचं. ओलं गार लागतं. एवढं झालं की कानस. कानसीनं बोट तुटत नाही आणि पोराला आपण फार मोठं काम करतोय असं वाटतं. घासून घासून गुळगुळीत करायला मी माहेराहून खरवतीची वाळकी पानं पिशवी भरून आणली होती. खरवतीचं पान मांजराच्या जिभेसारखं खरखरीत असतं. पोरांनी त्या पानांनी आधी एकमेकांचे गाल घासून बघितले, हे सांगायला नकोच.

कोकणातली माझी झाडं इथे कामाची नव्हती. फणस नाही, साग नाही, जिकडे तिकडे बाभूळ. मी विचारलं, “बाभूळ कशाकशाला लागते?” वर्ग एका दमात ओरडला, “नांगराला! दात घासायला! शेळीला!” आणि मागून एक बारीक आवाज आला, “भुताला राहायला.” वर्गाचा एकच नियम होता. जिवंत फांदी तोडायची नाही. पडलेलं, मोडलेलं, वाळलेलं आणायचं.

पहिली वस्तू म्हणून आम्ही विटी केली. दोन्ही टोकं निमुळती करायची, कानसीला याहून चांगलं काम नाही. वर्गभर विट्या झाल्या आणि एका दुपारी त्यातली एक गुरुजींच्या टोपीला लागून गेली. गावात बोभाटा झाला की बाई शाळेत विटी-दांडू शिकवतात. एक आजोबा काठी आपटत भांडायला आले. मी त्यांना नातवानं केलेली विटी दाखवली. त्यांनी ती हातात फिरवली, टोकांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “इकडून जरा जाड राह्यलीया.” मग पायरीवर बसून ते स्वतःच घासू लागले. पुढे आठवडाभर येत होते. त्यांना घरी जा म्हणायचं मला जमलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते सोनीबद्दल.

सोनी माझ्या दुसरीच्या वर्गात होती. लहानपणी ताप आला आणि त्यात तिचा एक पाय लुळा पडला, दुसऱ्यात थोडी ताकद राहिली. त्याला पोलिओ म्हणतात हे आम्हाला पुढे कळलं. तेव्हा नुसतं ‘पाय गेले’ म्हणत. तिची आई अनसाबाई तिला रोज कडेवर घेऊन शाळेत आणून सोडायची आणि तशीच शेतावर जायची. त्यांचं घर गावाच्या खालच्या अंगाला, इंद्रायणीकडे. शाळा वरच्या अंगाला. वाटेत चढ, दगडगोटे आणि पावसाळ्यात चिखल. आणि दर गुरुवारी, शेतावर जायच्या आधी, अनसाबाई नदीकाठच्या उंबराला फेऱ्या घालायची. उंबर दत्ताचा. पोरीचे पाय परत यावेत म्हणून तिनं कितीतरी वर्षं तो नेम धरला होता.

सोनीची जीभ मात्र दोन्ही पायांनी धावायची. ढलप्या ओळखण्यात तिचा हात कोणी धरत नसे. बसल्या जागी करायचं काम असल्यानं कानसही तिचीच सगळ्यात सफाईदार. वर्गात ती कोणापेक्षा कमी नव्हती.

दिवाळीच्या सुटीनंतर सोनी आलीच नाही. मी घरी गेले. अनसाबाई भाकऱ्या थापत होती. मी काही विचारायच्या आत तिनं पदर सारखा केला आणि मला दिसलं की तिला दिवस गेलेत.

“आता न्हाई जमायचं बाई,” ती म्हणाली. “पोर जड झालीया. सुईण म्हणती, उचलायचं न्हाई.”

“तिचे वडील?”

“त्येनी दिस उगवायच्या आत मळ्यात. पाण्याची पाळी असती.”

“मुलं आणतील तिला.”

“आणली की मागं! झोळीत घालून. आन दिली टाकून वढ्यात. कपाळाला खोक पडली व्हती. न्हाई बाई, आता न्हाई.”

सोनी कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. त्या पोरीला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला ते सहन झालं नाही. घरी येऊन मी नवऱ्यावर उगाच चिडले.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, सोनी आता येणार नाही. बबन म्हणून एक मुलगा होता. त्याच्या धाकट्या भावानं नुकतंच पाऊल टाकलं होतं. तो उभा राहिला. “बाई, आमच्या बाळ्यावानी तिला पांगुळगाडा करू. मोठा.”

पांगुळगाडा हल्ली फारसा दिसत नाही म्हणून सांगते. तीन चाकांची लाकडी गाडी, वर आडवी दांडी. चालायला शिकणारं मूल ती दांडी धरतं आणि गाडी ढकलत पावलं टाकतं. गावात तो नवा सहसा कोणी करत नसे. एका घरातलं मूल चालायला लागलं की पुढच्या घरी जाई. पण सात वर्षांच्या मुलीचा पांगुळगाडा कुणी ऐकलाही नव्हता. तो उंच हवा, पुढे कलंडू नये म्हणून बैठकीला रुंद हवा, आणि ढकलताना पुढे पळता कामा नये म्हणून जड हवा. मला सगळा डोळ्यांपुढे दिसला. त्याच दिवशी कामाला लागलो.

सांगाडा कडुनिंबाचा. सांधे मी घातले, पोरांनी कानस आणि खरवत चालवली. कोपरा न् कोपरा असा घासला की सोनीच्या परकराचा धागासुद्धा अडकू नये. राहिली चाकं आणि दांडी. तेवढ्यात राजापूरहून तार आली, वडील आजारी आहेत. मी जाताना बजावलं, चाकांना हात लावू नका, मी आल्यावर बाबू सुताराकडून बाभळीची करून घेऊ. गुरुजींना म्हटलं, वर्ग तुमच्या हवाली.

वडील सावरले. त्यांना पांगुळगाड्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी पडल्या पडल्या हवेत बोटानं चाकाचा आस काढून दाखवला. मी परत निघाले. एस.टी.तून मोशीच्या फाट्यावर उतरते तो समोर सोनीच्या घराकडे निघालेली मिरवणूक. माझा सगळा वर्ग, पुढे पांगुळगाडा, मागे टोपी सावरत गुरुजी. दांडी अजून बसवली नव्हती, पोरं सांगाड्याला धरून ढकलत होती; पण पांगुळगाडा चालत होता, म्हणजे त्याला चाकं होती. पांढुरकी, मऊ लाकडाची, फांदीच्या गोल चकत्या कापून केलेली.

मी सुताराची मुलगी. लांबूनच कळलं की हा उंबर आहे.

“गुरुजी, हे काय?”

“मुलांनीच केली हो, माझी काही मदत नाही,” गुरुजी कौतुकानं म्हणाले. “वाऱ्यानं फांदी पडली होती. जिवंत तोडली नाही, तुमचा नियम पाळला. लाकूड ते लाकूड.”

लाकूड ते लाकूड! उंबराचं लाकूड पाण्याखाली वर्षानुवर्षं टिकतं, विहिरीच्या तळाला घालतात. पण कोरड्यात त्याला जीव नाही. त्यातून फांदीची आडवी चकती, ती वाळली की मधून तडकणारच. मी बबनला म्हटलं, “अरे, बाभळीची सांगितली होती ना?”

“बाभळीला करवत चालंना बाई. आन ह्यो देवाचा हाय. सोनीची आई पायासाठी उंबराला फेऱ्या घालती. म्हून आमी उंबरच खाली लावला. पायापाशी.”

मी काही बोलणार तोवर पोरं उताराला लागली होती. अनसाबाईच्या दारात ओट्याला लागून शेवटचा धोंडा होता. त्यावर पुढचं चाक चढलं आणि फाटकन दोन तुकडे झाले.

अनसाबाई बाहेर आली. तिनं तुकडा उचलला, हुंगला. तिला ओळखायला माझ्या शाळेची गरज नव्हती. गुरुवारमागून गुरुवार तिनं त्या झाडाला हात लावला होता.

“ह्यो उंबर हाय.”

“व्हय मावशी!” बबन आनंदानं म्हणाला. “देवानंच फांदी टाकली.”

तिचा चेहरा पांढरा पडला. “ज्येच्या पाया पडती, त्येच्यावर तुमी चाकं फिरवली? शेणामातीतनं? माझ्या पोरीचं आजून काय व्हायचं राह्यलंय?”

“अनसाबाई, मुलं आहेत ती,” मी म्हटलं. “चांगल्या मनानं केलंय. चाक फुटलं ते लाकूड हलकं म्हणून फुटलं, दुसरं कारण नाही. मी बदलून देते.”

“तुमाला काय बाई! तुमी लाकूड बघताय. मी पोरगी बघती.”

“मीही तिच्यासाठीच करतेय!”

“मग जावा आता. माझ्या दारात ती गाडी नको.” दार लागलं. आतून सोनीचं रडणं ऐकू आलं आणि बाहेर माझा सगळा वर्ग रडू लागला. गुरुजी टोपी हातात घेऊन उभे होते. ते हळूच मला म्हणाले, “बाई, लाकूड ते लाकूड नसतं वाटतं.” त्यांचा राग करायलाही माझ्यात त्राण उरलं नव्हतं.

पुढचे काही दिवस पांगुळगाडा वर्गाच्या कोपऱ्यात पडून होता. मी बाभळीची चाकं करून घेऊ शकले असते. पण घ्यायची कोणासाठी? ज्या गाडीला अनसाबाई हात लावू देणार नाही, ती सोन्याची केली तरी काय उपयोग. पोरं तिकडे बघायचीसुद्धा नाहीत. मला अनसाबाईचा राग येई, आणि रात्री वाटे, आपल्या वडिलांनी जे लाकूड कधी वाकसाखाली घेतलं नाही, त्याच्यासाठी आपण कोणाशी भांडतोय? कोकणातसुद्धा उंबर तोडत नाहीत. मला ते माहीत होतं. फक्त तिच्या भीतीसमोर मला माझी घाई मोठी वाटत होती.

मग एका सकाळी शाळा भरायच्या वेळी अनसाबाई दारात उभी राहिली. हातात मोडक्या नांगराचा बाभळीचा तुकडा. एवढा जड तुकडा तिनं त्या अवस्थेत चढावरून आणला होता. मी पुढे होऊन तो घेतला. ती धापा टाकत खाली बसली.

“पोर जेवत न्हाई,” ती म्हणाली. “ढलपी नाकाला लावून बसती.”

मी तुकड्याच्या रेषांवरून बोट फिरवलं.

“ही सासऱ्याच्या नांगराची बाभूळ हाय. मुरलेली. ह्याची चाकं करा. आन ती उंबराची मला द्या.”

बबननं तिन्ही चाकं, फुटलेल्यासकट, आणून दिली. तिनं ती पदरात घेतली, पुसली. “नदीत सोडती. पाण्यात उंबराला काय व्हत न्हाई, असं म्हनत्यात.”

“खरंय ते,” मी म्हटलं. “पाण्यात तो टिकतो.”

ती उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली. “त्या फांदीतलं काय उरलंय का?”

उरलं होतं. मनगटाएवढा एक सरळ तुकडा.

“मग धरायची दांडी त्येची करा.”

माझ्यातली सुतारीण गप्प बसेना. “अनसाबाई, दांडीवर सगळा भार येतो. उंबर मऊ आहे. हातानं झिजेल.”

“झिजू द्या की. झिजंल म्हंजी पोर चालली.” मग बबनकडे बघून म्हणाली, “लेका, तुजं चुकलं न्हाई. देव पायाखाली नसावा. हाताला असू द्यावा.”

दांडी पोरांनी घासली. माझ्या पिशवीतली उरलीसुरली खरवत त्या एका दांडीला लागली. मी मात्र तिच्या पोटातून गुपचूप एक लोखंडी गज घातला. बाबू सुतारानं गिरमिटानं लांब भोक पाडून दिलं आणि तोंडं कडुनिंबाच्या खुंट्यांनी बुजवली. देवावर माझा विश्वास आहे, पण मऊ लाकडावर नाही.

सोनीचे पाय कधी सुधारले नाहीत. हे आधीच सांगते, कोणी चमत्काराची वाट बघत असेल तर. तो पांगुळगाडा तिनं चौथीपर्यंत ढकलला. ती वाढली तशी आम्ही त्याची उंची वाढवली, चाकं बदलली, दांडी तीच राहिली. दोन्ही हातांच्या जागी ती बारीक होत गेली. आता सोनी चाकणला शिवणकामाच्या मशीनवर बसते, तिच्या हाताखाली मुली आहेत. बबन एका कारखान्यात पॅटर्नच्या कामाला लागला. लोखंड ओतायच्या साच्यासाठी आधी लाकडाचा नमुना करतात, ते काम. नव्या अभ्यासक्रमात वर्गातलं लाकूडकाम बंद झालं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण मनात राहिलाय तो सोनीचा पांगुळगाड्याचा पहिला दिवस.

त्या दिवशी गुरुवार होता. आदल्या संध्याकाळी पांगुळगाडा अनसाबाईच्या घरी पोचवला होता. सकाळी सगळा वर्ग शाळेच्या दारात. गुरुजींनी फाटकाला आंब्याची पानं बांधली होती. घंटा झाली, प्रार्थना झाली, सोनीचा पत्ता नाही. पोरांचे चेहरे उतरायला लागले. कुठे चढाला अडकली, की आईनं पुन्हा दार लावलं? शेवटी मीच उठले आणि पोरं माझ्या मागे.

घराला कडी होती. खाली नदीकडून चाकाचा कुरकुर आवाज येत होता.

उंबराखाली अनसाबाई खोडाला टेकून बसली होती. हातातलं हळदीकुंकू तसंच. आणि सोनी पांगुळगाडा ढकलत झाडाभोवती फिरत होती. लुळा पाय फरफटत, दुसरा टेकत, दांडी दोन्ही मुठींत घट्ट. मला वाटलं होतं दगडमातीत चाकं रुततील. पण झाडाभोवती एक गोल वाट होती, आईच्या पायांनी इतक्या गुरुवारी चोपून चोपून सारवल्यासारखी झालेली. गाडी तिच्यावरून सुरळीत चालली होती.

अनसाबाईचे डोळे वाहत होते. मला बघून म्हणाली, “उठू देत न्हाई मला. म्हनती, तू बस.”

सोनी वळणावरून पुढे आली. घामानं निथळली होती. आम्हाला बघून ती थांबली नाही.

“बाई, थांबा जरा, शाळंला येती,” ती ओरडली. “आजपासून माझ्या फेऱ्या मीच घालणार हाय.”